दांग आणि दुत : इंडोनेशियातील लोकप्रिय गाण्याची हकीकत

इंडोनेशियाचे नाव आपल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक असते. मसाल्याची बेटे, ज्वालामुखी, डोंगरउतारावरची भातखाचरे. इतिहास शिकवणारे गुरुजी त्यात बोरोबुदुरच्या स्तूपाची आणि रामायण-महाभारतावरील चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांची भर घालतात. हे सगळे खरेच आहे. परंतु जावा बेटावरच्या एखाद्या खेड्यात लग्न असले म्हणजे मांडवापुढे रात्री कोणते गाणे चालते, बाजाराच्या गावाला जाणाऱ्या मोटारीत काय वाजत असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आज त्याच गाण्याची हकीकत सांगायची आहे. ती सांगण्याचे कारण असे की, त्या गाण्याचे नावच मुळी तबल्याच्या बोलावरून पडलेले आहे, आणि ते नाव कौतुकाने नव्हे, हिणवण्यासाठी दिलेले होते.

आधी देश किती मोठा आणि किती तऱ्हांचा ते ध्यानात घेऊ. सतरा हजारांहून अधिक बेटे, सातशेच्या वर भाषा, आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे सत्तावीस कोटी माणसे. बहुसंख्य लोक मुसलमान, पण बाली बेटावर हिंदू, पूर्वेकडच्या कित्येक बेटांवर ख्रिस्ती, आणि शहरोशहरी चिनी व अरब घराणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेली. जावाचे लोक संख्येने सर्वांत जास्त. तरीही १९२८ साली तरुण देशभक्तांची परिषद भरली तेव्हा त्यांनी जावाची भाषा राष्ट्रभाषा केली नाही. बंदराबंदरांतून व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेली साधी मलायी बोली त्यांनी उचलली आणि तिला ‘इंडोनेशियाची भाषा’ म्हटले. त्याच परिषदेत सुप्रातमान नावाच्या तरुणाने पुढे राष्ट्रगीत ठरलेली चाल पहिल्यांदा वाजवली. नुसती व्हायोलिनवर वाजवली, शब्द गायले नाहीत. कारण शब्द डच सरकारच्या कानी गेले असते तर परिषदच मोडली असती. भाषा सर्वांची एक ठरली. सर्वांचे गाणे कोणते, हा प्रश्न मात्र एवढ्या सहजासहजी सुटायचा नव्हता.

त्या देशातला पहिला सर्वदूर पसरलेला गाण्याचा प्रकार म्हणजे ‘क्रोंचोंग’. त्याचा धागा आपल्या किनाऱ्यापाशी येऊन मिळतो. १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, त्याने मलाक्का हे बंदर जिंकले. पोर्तुगीजांबरोबर त्यांची छोटी गिटार तिकडे गेली. १६४१ साली डचांनी मलाक्का हिसकावून घेतले आणि तिथली बरीच माणसे बताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, नेली. ही माणसे कोण? पोर्तुगीजांचे गुलाम आणि नोकरचाकर. त्यांतले कितीतरी मूळचे हिंदुस्थानचे, मलबार, कोरोमंडल, बंगाल या किनाऱ्यांवरचे. नावे पोर्तुगीज, बोली मोडकी पोर्तुगीज, रक्त आपल्याकडचे. गुलामगिरीतून मोकळे झाले म्हणून त्यांना ‘मार्डायकर’ म्हणत. त्या देशात स्वातंत्र्याला ‘मर्देका’ म्हणतात तो शब्द याचाच भाऊ, आणि दोन्हींचे मूळ संस्कृतातल्या ‘महर्द्धिक’ या शब्दात आहे. संस्कृतचे अध्यापन करणाऱ्यांनी हे वर्गात जरूर सांगावे.

या लोकांपैकी काहींना १६६१ च्या सुमारास बताव्हियाच्या पूर्वेला दलदलीच्या तुगू गावी जमीन मिळाली. तिथे शेती, मासेमारी, रविवारी देवळात प्रार्थना आणि संध्याकाळी गाणे. गिटार विकत कुठून आणणार? गावातल्याच लाकडाची कोरून केली. तारांवर झरझर हात फिरवला म्हणजे ‘क्रोंग-चोंग’ असा आवाज येई, तेच नाव गाण्याला पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात हे गाणे गावाबाहेर पडून बताव्हियाच्या गल्लीबोळांत आले, आणि रात्री खिडकीखाली उभे राहून पोरींसाठी गाणाऱ्या उनाड पोरांच्या हाती लागले. अशा गवयाला लोक ‘क्रोंचोंगची मगर’ म्हणत. घरंदाज माणसे आपल्या मुलींना या मगरींपासून दूर ठेवीत. गाण्याची प्रतिष्ठा केवढी होती ते यावरून कळेल.

दुसरा धागा मुंबईचा आहे. पारशी नाटक मंडळ्या १८५० नंतर मुंबईत निघाल्या. पडदे, झगमगीत पोशाख, पऱ्या, राजपुत्र आणि गाण्यांवर गाणी. आपल्या संगीत नाटकाच्या वाढत्या दिवसांत याच मंडळ्यांचे तंबू गावोगाव लागत. त्यांतल्या काही आगबोटीने पिनांगला आणि पुढे जावापर्यंत जात असत. भाषा हिंदुस्थानी; तिथल्या प्रेक्षकाला तिचा शब्द कळत नसे, तरी गर्दी लोटे. मग मलायी लोकांनी तसलीच नाटके आपल्या भाषेत काढली. १८९१ साली सुराबाया शहरात ऑगस्ट माहिए नावाच्या युरेशियन माणसाने ‘कोमेदी स्तांबुल’ ही मंडळी उभी केली. स्तांबुल म्हणजे इस्तंबूल. गोष्टी अरबी सुरस कथांतल्या, नट मिश्र वंशाचे, भांडवल चिन्यांचे, साथ पाश्चात्त्य वाद्यांची, आणि समोर सगळ्या जातींचा प्रेक्षक. तिच्यातल्या चालीही क्रोंचोंगवाल्यांनी उचलल्या.

मग रेडिओ आला. सोलो हे मध्य जावातले संस्थानी गाव. तिथे १९३३ साली देशी लोकांनी स्वतःचे नभोवाणी केंद्र काढले. त्याची एक हकीकत नभोवाणीच्या श्रोत्यांना आवडेल. १९३७ साली हॉलंडच्या राजकन्येचा विवाह होता. सोलोच्या राजघराण्यातली एक मुलगी नृत्यासाठी तिकडे गेली. तिच्या साथीची गामेलान वाद्ये मात्र सोलोलाच राहिली. ती एवढी जड आणि एवढी पुष्कळ की नेणार कशी? तेव्हा वादकांनी सोलोच्या वाड्यात वाजवले, नभोवाणीने ते समुद्रापार पोचवले, आणि मुलगी हॉलंडमध्ये त्या ठेक्यावर नाचली.

याच सोलो गावचा गेसांग नावाचा तरुण. शिक्षण बेताचे, स्वरलिपी येत नाही, हाती एक बासरी. १९४० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गावाजवळून वाहणाऱ्या नदीवर त्याने ‘बंगावान सोलो’ हे गाणे रचले. बंगावान म्हणजे मोठी नदी. नदी कुठे उगवते, उन्हाळ्यात कशी आटते, पावसाळ्यात कशी दुथडी भरते आणि शेवटी समुद्राला मिळते, एवढीच त्यातली गोष्ट. चाल क्रोंचोंगची. दोन वर्षांनी जपानी फौजा आल्या आणि त्या शिपायांनी हे गाणे डोक्यात घेतले. युद्ध हरून ते घरी परतले ते गाणे घेऊनच. पुढे जपानात ते एवढे रुळले की कित्येकांना ते जपानीच वाटे. १९९१ साली जपानी चाहत्यांच्या पुढाकाराने सोलो गावात गेसांगचा पुतळा उभा राहिला. २०१० साली तो वारला. गाणे जगभर फिरत असताना त्याच्या हाती पैसा मात्र कितीतरी वर्षे फारसा पडला नाही. आपल्या शाहिरांचीही गत काही वेगळी नव्हती म्हणा!

१९४५ च्या १७ ऑगस्टला सुकार्णोंनी स्वातंत्र्याची घोषणा केली. डचांशी लढा आणखी चार वर्षे चालला. क्रोंचोंगला या लढ्याच्या गाण्यांनी एकदम प्रतिष्ठा दिली. कालची मगर आज देशभक्त झाली. पण स्वतंत्र देशातला तरुण आता तिच्यापाशी थांबायला तयार नव्हता. त्याच्या कानांवर दोन नवे सूर पडत होते. एक हिंदी चित्रपटांचा, दुसरा अमेरिकेतल्या रॉक अँड रोलचा.

हिंदी चित्रपटांनी त्या काळात तिथे कहर केला. राज कपूरचा ‘आवारा’ १९५१ चा; तो आणि त्याच्या मागून आलेले चित्रपट गावोगावच्या साध्या थिएटरांत महिनोन्‌महिने चालले. इतके की १९५७ साली तिथल्या निर्मात्यांनी, आमच्या चित्रांना पडदाच मिळत नाही म्हणून, निषेधार्थ आपले स्टुडिओ काही काळ बंद ठेवले. एरवी आपण परदेशी चित्रांच्या आक्रमणाची तक्रार करतो. तिथे तक्रार आपल्याविरुद्ध होती, हेही एकदा ऐकून ठेवावे. सिनेमातले गाणे ऐकून लोक घरी येत आणि त्याच चालीवर आपले शब्द बसवीत. मलायी गाण्यांचे जे ताफे होते त्यांत हार्मोनियम, व्हायोलिन, बासरी आणि तबल्यासारखी चामड्याची जोडी आली. गाणी रचणारे आणि वाजवणारे यांत अरब घराण्यांतले कितीतरी. हुसेन बावाफी हे त्यांतले मोठे नाव. त्याचे ‘बोनेका दारी इंदिया’, म्हणजे हिंदुस्थानची बाहुली, हे गाणे एल्या खदाम या गायिकेने गाजवले. साडीच्या वळणाचा पोशाख आणि हिंदी सिनेमातले हातवारे, असे तिचे गाणे असे.

हे सगळे वरच्या लोकांना रुचले नाही. १९५९ च्या स्वातंत्र्यदिनी, १७ ऑगस्टला, सुकार्णोंनी मोठे भाषण केले. परकीय राज्य घालवले, आता परकीय संस्कृतीची गुलामी कशाला, हा त्यांचा सवाल. रॉक अँड रोलला ते तुच्छतेने ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणत. त्याच वर्षी सरकारी नभोवाणीवरून असली पाश्चात्त्य गाणी बंद झाली. भाषण ऐकून त्यांना हसू नये. साडेतीनशे वर्षांच्या ताबेदारीतून उठलेला माणूस आपले काय आणि उसने काय हे तपासून पाहणारच. आपल्याकडे १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, तेव्हा त्यांनीही चित्रपटगीतांना कात्री लावली होती. लोक मग संध्याकाळी सिलोन केंद्र लावू लागले, आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली. तिथेही तसेच झाले. तरुणांनी परदेशी केंद्रे लावली, चोरून तबकड्या आणल्या.

सुकार्णोंनी नुसती बंदी घातली नाही, पर्यायही दिला. ‘लेन्सो’ हा पूर्वेकडच्या बेटांवरचा हातरुमाल घेऊन करायचा नाच. त्यावर सर्वांनी नाचावे म्हणून १९६५ साली खास तबकडी निघाली. मौज अशी की ‘लेन्सो’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज; त्याचा अर्थ हातरुमाल. परके हाकलायला काढलेला नाचही चारशे वर्षांपूर्वीचा परकाच निघाला!

पण मौज इथे संपते. तुबान गावचे काही भाऊ होते, त्यांना कूस बंधू म्हणत. इंग्लंडच्या बीटल्स मंडळींच्या वळणावर गाणी म्हणत. १९६५ च्या जूनमध्ये जकार्तात एका घरगुती समारंभात त्यांनी बीटल्सचे गाणे म्हटले आणि त्यांना धरून ग्लोडोकच्या तुरुंगात टाकले. तीन महिने आत राहिले. २९ सप्टेंबरला सुटले. दुसऱ्याच रात्री जकार्तात सहा सेनापतींची हत्या झाली आणि देशाचे चित्र पालटले. लष्कराने कम्युनिस्टांना दोषी धरले; पुढच्या काही महिन्यांत, विशेषतः जावात आणि बालीत, जी कत्तल झाली तिच्यात पाच लाख किंवा त्याहूनही जास्त माणसे मेली असे इतिहासकार धरतात. सुकार्णोंची सत्ता गेली, सुहार्तो आले. कूस बंधूंना तुरुंगात टाकणारे सरकार गेले. त्यांनी तुरुंगातल्या दिवसांची गाणी केली, ती तबकडीवर निघाली, आणि ते देशातले सर्वांत लाडके गवई झाले. नव्या सरकारला पाश्चात्त्य गाण्याचे वावडे नव्हते.

त्याला वावडे होते दुसऱ्याच एका गाण्याचे. जावाच्या पूर्व टोकाला बान्यूवांगी गाव आहे. तिथल्या भातखाचरांत आणि पाणथळीत ‘गेंजेर’ नावाची भाजी आपोआप उगवते. एरवी कोणी तिला विचारीत नाही. १९४२ साली जपानी अमलात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा लोक तीच उपटून खाऊ लागले. मुहम्मद आरिफ हा तिथला बांबूच्या अंकलुंग वाद्याचा वादक. त्याने त्यावर ‘गेंजेर-गेंजेर’ हे गाणे गावच्या बोलीत केले. बाई भाजी खुडते, बाजारात नेते, दुसरी विकत घेऊन शिजवते, एवढेच त्यात आहे. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायांच्या तोंडी शोभेल असे. १९६० नंतर बिंग स्लामेत, लिलिस सुर्यानी अशा नामांकित कलावंतांनी ते गायले, नभोवाणीवर रोज वाजू लागले, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतूनही म्हटले जाऊ लागले. झाले! १९६५ नंतर अशी आवई उठवली गेली की सेनापतींचा जीव घेताना बायका हेच गाणे म्हणत नाचत होत्या. त्यात तथ्य नव्हते. पण गाणे बंद झाले, ते गुणगुणणेही धोक्याचे झाले. आरिफला पकडून नेले. तो परत आला नाही. १९९८ साली सुहार्तोंची सत्ता जाईपर्यंत, तेहेतीस वर्षे, एका रानभाजीच्या गाण्याला त्या देशात तोंड उघडता आले नाही.

आता तबल्याकडे येतो. १९७० साली जकार्तात ‘सोनेता’ नावाचा ताफा निघाला. त्याचा चालक रोमा इरामा, पश्चिम जावातल्या तासिकमलायाचा, १९४६ चा जन्म. आधी तो इंग्रजी गाणी म्हणे. त्याने हिंदी चालींचे मलायी गाणे घेतले, त्याला विजेची गिटार आणि मोठमोठे कर्णे जोडले, आणि ठेका मात्र तोच ठेवला. डग्ग्यावर मनगट दाबून आवाज घुमवला म्हणजे ‘दुत’ येतो, त्याच्या आधी टोपणाचा मोकळा ‘दांग’. आपल्या केरव्याच्या कानाला हा ठेका परका वाटणार नाही. शहरातले शिकलेले लोक नाक मुरडून म्हणू लागले, हे कसले गाणे, नुसते दांग-दुत, दांग-दुत! आणखी एक शब्द ते वापरीत : ‘कांपुंगान’. कांपुंग म्हणजे खेडे, वस्ती. कांपुंगान म्हणजे गावंढळ.

रोमाने ती शिवी उचलून मिरवली. ‘दांगदुत’ या नावाचेच गाणे केले. त्याच्या एका प्रसिद्ध गाण्याचे नाव ‘तेराजाना’. त्यातले दोन हिंदी शब्द आपल्याला लगेच ओळखू येतील. त्याच्या गाण्यांत बोध असे : जुगार खेळू नका, उगाच रात्री जागवू नका, देवाला विसरू नका. देशाची लोकसंख्या साडेतेरा कोटी होती तेव्हा त्या आकड्यावर त्याने एक गाणे केले आणि त्यात निरनिराळ्या जमातींची नावे गुंफली. कीर्तनकार उत्तररंगात जे करतो तेच हा गिटार घेऊन करीत होता, असे मला वाटते. १९७७ च्या निवडणुकीत तो सरकारविरोधी मुस्लिम पक्षाच्या प्रचाराला गेला. त्याची शिक्षा म्हणून सरकारी दूरचित्रवाणीचे दार त्याला सुमारे दहा वर्षे बंद राहिले.

पण या वेळी बंदीचा काही उपयोग झाला नाही. कारण कॅसेट आली होती. तबकडीला मोठे यंत्र लागे. कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी, भाजीच्या पाटीत घालून नेता येणारी. चहाच्या टपरीवर, मच्छीमाराच्या होडीत, शेतावरच्या खोपटात रोमा गात राहिला. १९९० नंतर तर सरकारातले मंत्रीही सांगू लागले की दांगदुत हेच खरे इंडोनेशियन संगीत! ज्या गाण्याचा ठेका हिंदुस्थानी, गिटार पाश्चात्त्य, ताफा मलायी, त्याला आता सगळ्यांनी आपले म्हटले. जावाचे गामेलान सुमात्राला परके, बालीचे नृत्य जावाला परके. हे मात्र कुणा एका जमातीचे नव्हते.

पुढचे भांडण घरातलेच झाले. पूर्व जावातली इनुल दारातिस्ता ही खेड्यांतल्या समारंभांत गाणारी तरुणी. तिच्या नाचाच्या तबकड्या बाजारात हातोहात खपल्या आणि २००३ साली ती देशभर गाजली. तिचे कमरेचे गरगर फिरणे पाहून रोमाने स्वतःच तिच्यावर जाहीर टीका केली. असल्या नाचाने दांगदुतला बट्टा लागतो, हे त्याचे म्हणणे. काल ज्याला गावंढळ म्हणाले, तोच आज दुसरीला बोल लावीत होता. तिची बाजू घेणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद होते, आणि ते स्वतः मोठे धर्मपंडित. आपल्या तमाशातल्या बायांनी असले वाद पुष्कळ ऐकले आहेत, तेव्हा अधिक विस्तार नको. इनुल गात राहिली.

तिकडच्या खेड्यांत आता दांगदुतचा ‘कोप्लो’ नावाचा अधिक जलद प्रकार चालतो, आणि शब्द पुष्कळदा राष्ट्रभाषेत नसून सरळ जावाच्या घरगुती बोलीत असतात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी, १७ ऑगस्टला, जकार्तातल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर झेंडावंदनाच्या सोहळ्यात एका बारा वर्षांच्या मुलाने असेच एक गाणे म्हटले. त्या आधी तो रस्त्यावर गाऊन पैसे मिळवीत असे. निरनिराळ्या बेटांचे पारंपरिक पोशाख घालून आलेले मंत्री आणि बडे अधिकारी खुर्च्या सोडून उठले आणि त्या ठेक्यावर नाचू लागले. मुलगा बान्यूवांगीचा होता.